माझं नाव असलेला, मी न वाचलेला पेपर

भूगोल_मास्तर | १३ जुलै, २१:४०

चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. गुरुवारी स्टाफरूममध्ये आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मॅडम म्हणाल्या, "सर, अभिनंदन! रिसर्च पेपर आला तुमचा, पेढे कुठायत?" मला वाटलं दुसऱ्या कोणाचं तरी माझ्या खात्यावर टाकतायत. त्यांनी मोबाईल पुढे केला. सोनेरी महिरपीचं प्रमाणपत्र, त्यावर माझं नाव (आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं), खाली निळा गोल शिक्का आणि 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८' (जर्नलचं वजन सांगणारा आकडा). विषय: आमच्या तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी. लेखक दोन. पहिलं नाव आमच्या विभागात सात वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असलेल्या पोराचं, दुसरं माझं.

पोरगा माझाच विद्यार्थी. बीएला मी शिकवलं, नेट परीक्षेच्या वेळी माझ्याच घरी बसून अभ्यास केला. संध्याकाळी बोलावलं तर पेढ्यांचा पुडा घेऊनच आला. "सर, तुमच्यामुळे इथवर आलो. आदर म्हणून टाकलं नाव. तुमच्या कॅसच्या, बढतीच्या फाईललाही होईल." फी अठराशे त्याने भरली, माझ्या प्रमाणपत्राचे दोनशे वेगळे. तेही त्यानेच. तास झाले तेवढेच पैसे, आणि तेही सहा-सहा महिने न मिळणाऱ्या माणसाने माझ्यासाठी दोनशे रुपये भरले, हे ऐकून रागावायचं कसं तेच कळेना. पेढा खाल्ला.

आता प्रश्न. जर्नलला लिहून नाव काढायला सांगू? २८ तारखेला त्याची दुसऱ्या संस्थेत मुलाखत आहे, फॉर्ममध्ये हा पेपर दाखवलाय. गप्प बसू? की फक्त त्याला समजावून सोडून देऊ? कुणाला असा अनुभव?


मिठाचा_खडा | १३ जुलै, २२:०५

अभिनंदन सर. पेढे आम्हालाही.

एक गंमत सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत, भरती-बढतीच्या हिशोबात, भाषा-सामाजिक शास्त्रांच्या एका पेपराला दहा गुण, विज्ञानाला आठ. दोन लेखक असले तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. म्हणजे एकट्याने लिहिला तर दहा, दोघांनी 'लिहिला' तर सात आणि सात, एकूण चौदा. घरी बसून ४० टक्के नफा! एवढं व्याज तर आमच्या पतसंस्थेनेही कधी दिलं नाही, आणि ती बुडाली. मग नावं वाढणार नाहीत तर काय होणार?


स्टेथो | १३ जुलै, २२:३१

आमच्या मेडिकल कॉलेजात ही पद्धत एवढी मुरलेली आहे की तिला कुणी 'पद्धत'सुद्धा म्हणत नाही. रेसिडेंट रात्री दोन वाजता केस पेपर चाळून आकडे काढतो आणि विभागप्रमुखांचं नाव आपोआप येतं. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने नियम काढला की बढतीसाठी पहिल्या दोन लेखकांनाच गुण. मग काय, पहिल्या दोन जागांसाठी मारामारी सुरू झाली. ज्याने काम केलं तो तिसरा.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात. कल्पना, आराखडा, आकडे गोळा करणं किंवा त्यांचं विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मजकूर लिहिला किंवा नीट तपासून सुधारलेला हवा. छापायला जाण्याआधी अंतिम प्रत पाहून होकार दिलेला हवा. आणि २०१३ साली घातलेली चौथी, सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही लागतात, चारातली सोयीची एक निवडायची नाही. निधी आणून देणं, खातं सांभाळणं, 'सरांमुळे इथवर आलो' यातलं काहीच यात बसत नाही. त्यासाठी शेवटी आभाराचा परिच्छेद असतो.

मास्तर, तुम्ही चारपैकी शून्य अटी पुऱ्या करता. नाव काढाच.


ग्रंथपाल_बाई | १४ जुलै, ०७:५०

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, संशोधक विद्यार्थ्यांना जर्नल कशी पारखायची ते शिकवणं हे माझं रोजचं काम. सकाळी सकाळी धागा वाचला, चहा गार झाला.

पहिलं म्हणजे त्या प्रमाणपत्रावरचा इम्पॅक्ट फॅक्टर. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, त्यांच्या वार्षिक अहवालात जर्नलचं नाव सापडलं तरच तो खरा. बाकी पैसे घेऊन आकडा देणारी दुकानं भरपूर आहेत. दुसरं, आयएसएसएन. हा नंबर दिल्लीतून फुकट मिळतो आणि त्याचा अर्थ 'या नावाचं नियतकालिक आहे' एवढाच. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणजे ब्रेक आहेत असं नव्हे. मी हे वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "पण मॅडम, आयएसएसएन आहे ना?"

आता तुमचा प्रश्न. प्रकाशनातल्या नीतिनियमांची 'कोप' नावाची संस्था आहे, १९९७ साली ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी सुरू केलेली. त्यांच्या मार्गदर्शक सूचना जगभरची बरीचशी जर्नलं मानतात. त्यांच्या हिशोबाने नुसता लेखकाच्या नावाचा घोळ असेल आणि निष्कर्षांबद्दल शंका नसेल, तर पेपर मागे घ्यायची सहसा गरज नसते. सर्व लेखकांच्या संमतीने दुरुस्ती छापायची, नाव काढायचं. पण आकडेच विश्वासार्ह नसतील तर मात्र पेपर मागे घ्यायला हवा.

तेव्हा सर, एक विचारते, रागावू नका. तुम्ही तो पेपर वाचलात का?


भूगोल_मास्तर | १४ जुलै, ०८:१५

नाही. प्रमाणपत्रच पाहिलं. आज तास झाले की वाचतो.


मिठाचा_खडा | १४ जुलै, ०८:२२

लेखकानेही वाचलेला नाही! आता जगात एकच माणूस उरला, जो हा पेपर वाचेल. तोही वाचेल याची खात्री देता येत नाही, कारण त्याला अठराशे मिळालेत.


सातव्या_दिवशी_पगार | १४ जुलै, १३:१०

वरचे सगळे प्रतिसाद कायम नोकरीवाल्यांचे दिसतायत. मी अकरा वर्षं सीएचबी. दोन कॉलेजं, मधे ४२ किलोमीटर, मोटरसायकल. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत.

त्याच २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या भरतीसाठी छाननीचा तक्ता आहे. पेपरला दोन गुण, जास्तीत जास्त सहा. म्हणजे तीन पेपर 'लावायचे' असतात. पीएचडीला वेगळे गुण, अनुभवाला वेगळे. प्रयोगशाळा नाही, प्रवासखर्च नाही, विद्यापीठाच्या डेटाबेसचा पासवर्ड आम्हाला नाही, गाईडला फोन केला तर 'मीटिंगमध्ये आहे'. चांगलं जर्नल दीड वर्ष उत्तर देत नाही, आणि जाहिरात पंधरा दिवसांत बंद होते. मग व्हॉट्सॅपवर मेसेज येतो, 'कॉल फॉर पेपर, ४८ तासांत प्रकाशन, ई-सर्टिफिकेट मोफत'. काय करायचं?

त्या पोराने पेपर लावला नसता तर त्याला मुलाखतीचा कॉलच आला नसता, आणि मग तुमच्या शुद्ध नीतिमत्तेचं त्याने काय लोणचं घालायचं? मास्तरांना हात जोडून विनंती, २८ तारखेपर्यंत गप्प बसा.


ग्रंथपाल_बाई | १४ जुलै, १४:३५

तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण हे ४८ तासांचं दुकान तुमच्यासारख्यांच्या जिवावरच चालतं, हेही तितकंच खरं.

थोडा इतिहास, कारण हा सगळा प्रकार आभाळातून पडलेला नाही. २०१० साली यूजीसीने एपीआय आणलं, बढतीसाठी गुण मोजायचे. मोजायचं म्हटलं की मोजण्यासारखं उत्पादन निघतंच. २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी आली, आणि तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं शिरली. मग पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ती यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,३३६ जर्नलं यादृच्छिक पद्धतीने निवडली, त्यातली १,००९ बारकाईने तपासली, आणि ८९७ नापास झाली. शंभरात ८८ पेक्षा जास्त! हे २०१८ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढच्या वर्षी नव्याने पारखलेल्या जर्नलांची 'केअर' यादी आली, तिच्या कामाचा बराचसा भार आपल्या पुणे विद्यापीठावर होता.

आणि लोकांनी काय करावं? केअर यादीतल्या जुन्या, छापील, वेबसाइट नसलेल्या नियतकालिकांची नावं आणि आयएसएसएन उचलून बनावट वेबसाइटी उघडल्या. माझ्याकडे एक विद्यार्थिनी प्रमाणपत्र घेऊन आली होती, नाव एका जुन्या संस्थेच्या मुखपत्राचं, पेपर संगणकशास्त्राचा. मी त्या संस्थेत फोन लावला. पलीकडचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, आमचा अंक दोन वर्षं निघालेलाच नाही."

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली. आता निकष दिलेत, पारख संस्थांनी करायची. म्हणजे व्यवहारात कोणी, तर आयक्यूएसीच्या त्या मॅडमनी, एका दुपारी, चाळीस फायली.


कालव्याकाठी | १४ जुलै, १५:०२ (माझ्याकडे सकाळ)

मी नेदरलँड्समध्ये पाणी याच विषयात काम करतो, दोन जर्नलांसाठी परीक्षण करतो (फुकट, अर्थात). हे फक्त आपल्याकडचं आहे असा सूर नको म्हणून लिहितोय.

वायलीसारख्या दोनशे वर्षं जुन्या प्रकाशनाने २०२१ मध्ये हिंदावी ही कंपनी २९.८ कोटी डॉलरना घेतली. 'विशेषांक' काढायचे, पाहुणे संपादक नेमायचे, लेखकांकडून पैसे घ्यायचे, असं तिचं गणित. त्या विशेषांकांतून 'पेपर गिरण्यां'नी, म्हणजे पैसे घेऊन बनावट पेपर बनवून देणाऱ्यांनी, असा काही माल घुसवला की एकट्या २०२३ मध्ये हिंदावीला आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले, आणि शेवटी वायलीने ते नावच बंद केलं. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या परिषदांचे विशेषांक त्याच वंशातले, फक्त तिथे जेवण असतं.

दुसऱ्या टोकाला 'नेचर', विज्ञानातलं नावाजलेलं जर्नल. पेपर सर्वांना खुला ठेवायचा तर लेखकाने ९,५०० युरो भरायचे, असं त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं. त्या अठराशे रुपयांना आपण हसतोय, पण लेखकाच्या खिशातून जर्नल चालवायचं हे मूळ दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की नेचरमध्ये मधे कुणीतरी वाचतं. (बहुतेक वेळा.)


मिठाचा_खडा | १४ जुलै, १५:२०

जेवणाचा उल्लेख केल्याबद्दल आभारी आहे. आमच्याकडे गेल्या फेब्रुवारीत एकदिवसीय राष्ट्रीय परिषद झाली. 'राष्ट्रीय' कारण बेळगावहून एक गृहस्थ आले होते. नोंदणी १,२००, पेपर छापायचे १,०००, शोधनिबंध १६४. सादरीकरणाला चार खोल्या, प्रत्येकी तीन मिनिटं. मी ज्या सत्राचा अध्यक्ष होतो त्यात संत साहित्य, जीएसटी, ठिबक सिंचन आणि योग, या क्रमाने. अंक परिषदेच्या दिवशीच वाटला. म्हणजे परीक्षण सादरीकरणाच्या आधी, चर्चा छपाईच्या नंतर. मठ्ठा मात्र उत्तम होता.


भूगोल_मास्तर | १४ जुलै, २२:४८

वाचला.

मंडळी, प्रकरण नावापुरतं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीवायच्या नऊ पोरापोरींनी प्रकल्प केला होता. तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाच गावांतल्या २२ विहिरी, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजायच्या. टेपच्या टोकाला दगड बांधून खाली सोडायचा, पाण्याला टेकला की काठावर आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा. मे महिन्यात, दुपारी. एका मुलीला ऊन लागलं, तिला सरपंचांच्या घरी झोपवली होती. त्या वहीचं झेरॉक्स विभागात होतं, ते याने घेतलं. विचारून घेतलं असतं तर मी आनंदाने दिलं असतं.

पेपरात विहिरी ६० आहेत.

पहिल्या बावीस आमच्याच, आकडेही तेच, दुसऱ्या दशांशापर्यंत. पुढच्या ३८ कुठून आल्या मला माहीत नाही. आणि आमच्या बावीसांतसुद्धा वर्षं वाढवलीत, पेपरात सलग तीन वर्षांचे आकडे आहेत. चौदा नंबरची विहीर मला पाठ आहे, कारण तिथेच आमचा टेप तुटला होता. त्या विहिरीत गेल्या मे महिन्यात पाणी ३.२ मीटरवर होतं असं कोष्टकात लिहिलंय. ती विहीर मालकाने दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकून बुजवली.

नऊ मुलांपैकी एकाचंही नाव कुठे नाही, आभारातही नाही. ज्याने काहीच केलं नाही त्याचं आहे.

आणखी एक चक्रावणारी गोष्ट. इंग्रजीत तीन ठिकाणी 'एक्सकॅव्हेटेड नाइसली' असं आलंय. 'छान खणलेली'. हे काय असावं?


कालव्याकाठी | १४ जुलै, २३:०९

'डग वेल'! खोदलेली विहीर. 'वेल' म्हणजे विहीर आणि 'वेल' म्हणजे छान, सॉफ्टवेअरला कुठली कळणार. हसू आवरत नाहीये, माफ करा.

याला 'टॉर्चर्ड फ्रेझेस' असं नाव पडलंय, छळ केलेले शब्दप्रयोग. गीयोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये असे शब्दप्रयोग शोधून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल', म्हणजे उराचं संकट. हे नामवंत प्रकाशकांच्या जर्नलांतही सापडलेत. कारण साधं आहे. साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर सारखे शब्द शोधतं, मग दुसऱ्याचा मजकूर समानार्थी शब्द घालणाऱ्या यंत्रातून फिरवायचा. शब्द बदलले की साम्य शून्य.

म्हणजे मजकूरही त्याचा नाही, मास्तर.


ग्रंथपाल_बाई | १५ जुलै, ०९:१२

आणि प्लेजरिझम रिपोर्टमध्ये हा पेपर शंभर टक्के पास होईल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, ६० पर्यंत असेल तर वर्षभर बंदी, त्याच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द. मुलं माझ्याकडे येतात तीच मुळी "मॅडम, १४ आलंय, ९ करून द्या ना" म्हणत. वजन कमी करून द्या म्हटल्यासारखं. चोरी मोजायचा काटा आहे आपल्याकडे. बुजवलेल्या विहिरीत पाणी दाखवलं तर ते कुठलं सॉफ्टवेअर ओळखणार? ते ओळखायला तो मुरूम टाकताना पाहिलेला माणूसच लागतो.

सर, माझं कालचं उत्तर बदललं. आता दुरुस्ती चालणार नाही, पेपर मागे घ्यायला हवा. आणि तसं लिहिणं तुम्हाला भाग आहे, कारण कागदोपत्री तुम्ही लेखक आहात. त्या ३८ विहिरी तुमच्याही आहेत.


स्टेथो | १५ जुलै, ०९:४०

सहमत. करोनाच्या काळातलं सर्जिस्फिअर प्रकरण आठवा. 'लॅन्सेट'मध्ये मे २०२० मध्ये पेपर आला, ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातक आहे असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. लोकांनी विचारलं, मूळ माहिती दाखवा. ती सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या कंपनीकडे, आणि कंपनी देईना. चारपैकी तीन लेखकांनी ४ जूनला पेपर मागे घेतला, आकड्यांची हमी देता येत नाही म्हणून. मोठमोठ्या संस्थांतली माणसं, जगातलं अव्वल जर्नल, आणि आकडे बघितलेत का या प्रश्नाला उत्तर नाही. तुम्ही निदान विहीर पाहिली आहे.


सातव्या_दिवशी_पगार | १५ जुलै, १२:३०

कालचा माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण ३८ विहिरी वाचून गप्प बसलो. नावाचं मी समजू शकतो. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर सक्तीचा होता तेव्हा (२०२२ च्या शेवटी ती अट गेली) मीही एक असाच लावला होता, माझ्या गाईडचं नाव घालून. पण त्यातली मुलाखत न् मुलाखत मी घेतली होती. ऊसतोडीच्या कोप्यांवर, रात्री, कंदिलात.

एक विचारायचंय. त्याला ६० हा आकडा कोणी सांगितला? पोरगा एकटा हे करणार नाही. यात दुकानदार असतो.


निवृत्त_मराठी | १५ जुलै, १७:५५

तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून थोडं अवांतर चालवून घ्या.

आम्ही लिहायला लागलो तेव्हा 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन' यांत लेख येणं म्हणजे काय असतं ते शब्दांत सांगता येणार नाही. गुण नव्हते, प्रमाणपत्र नव्हतं, अंकाची एक प्रत यायची. १९८६ साली एका त्रैमासिकाला मी ओवीच्या छंदावर लेख पाठवला. सात महिन्यांनी संपादकांचं आंतर्देशीय आलं, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेलं. माझ्या एका विधानाखाली रेघ मारून विचारलं होतं, "ही ओवी आपण ऐकली की वाचली? ऐकली असल्यास कोणाकडून, कोणत्या गावी?" मी वाचलेली होती आणि ऐकली असं लिहिलं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लेख दुरुस्त करून पाठवला, तेव्हा छापला.

पण जुनं ते सोनं असं म्हणायला मी आलेले नाही. त्या काळीही विद्यार्थिनीच्या टिपणांवर पुस्तकं निघालेली मी पाहिली आहेत, आणि प्रस्तावनेत 'चि. अमुकने लेखनिकाचे काम केले' एवढं एक वाक्य. ती अमुक मीच होते एकदा. तेव्हा मास्तर, त्या नऊ मुलांची नावं काढून ठेवा.


भूगोल_मास्तर | १७ जुलै, २१:२०

उशीर झाला. काल-परवा जे झालं ते लिहितो.

त्याला घरी बोलावलं. वही आणि पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि चौदा नंबरवर बोट ठेवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, ती बुजवली?" त्याला माहीतच नव्हतं. तो त्या गावात कधी गेलेलाच नाही.

सातव्या दिवशी पगार, तुमचा अंदाज बरोबर. जिल्ह्याच्या ठिकाणी एक 'रिसर्च असिस्टन्स सेंटर' आहे, झेरॉक्सच्या दुकानावर माडी चढून. तुम्ही आकडे द्या, ते पेपर लिहून, 'रिमूव्हल' करून (म्हणजे उचललेल्या मजकुराचं साम्य पुसून), जर्नलमध्ये लावून देतात. पॅकेज साडेपाच हजार, त्यातच ते अठराशे आणि माझे दोनशे. बावीस नमुने म्हटल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "एवढ्यावर रिव्ह्यूअर मागे लागतो, साठ करून देतो." रिव्ह्यूअर! मी विचारलं, आलं होतं का काही परीक्षण? तर त्याने मेल दाखवला. पेपर पाठवला मंगळवारी ११:२०, स्वीकारला मंगळवारी १६:०५.

माझा राग कुठे गेला माहीत नाही. मीच त्याला पद्धतिशास्त्र शिकवलंय, दोन वर्षं, आणि एकदाही असा एक आकडा घेऊन 'हा कुठून आला' असं विचारायला शिकवलं नाही. नमुना निवडीचे प्रकार पाठ करून घेतले. सात प्रकार.

दोघांनी मिळून जर्नलला पत्र लिहिलं. पेपर मागे घ्या, आकडे खरे नाहीत, दुसऱ्या लेखकाची संमती नव्हती. सह्या दोघांच्या. त्याची सही करताना हात थरथरला, ते मी पाहिलं नाहीसं केलं. आमच्या आयक्यूएसीला वेगळं पत्र दिलं, माझ्या नावावर हा धरू नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, "सर, राहू द्या ना, कोण बघतंय?" मुलाखतीच्या संस्थेला त्याने मेल केला की अर्जातला तीन नंबरचा पेपर वगळावा. कॉल रद्द होईल की नाही, अजून उत्तर नाही.


सातव्या_दिवशी_पगार | १७ जुलै, २१:४४

तो मेल त्याने स्वतःहून केला?


भूगोल_मास्तर | १७ जुलै, २१:५१

मी सांगितलं नव्हतं. रात्री अकराला त्याने स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.


मिठाचा_खडा | १७ जुलै, २२:०३

आज विनोद नाही. जर्नलचं काय म्हणणं?


भूगोल_मास्तर | १९ जुलै, २०:१०

आज आलं उत्तर. पेपर मागे घ्यायचा असल्यास 'विथड्रॉवल चार्जेस' शंभर डॉलर. भरले तर पेपर काढल्याचं प्रमाणपत्रही मिळेल. त्याच मेलच्या खाली, पुढच्या अंकासाठी भूगोलाचे सहयोगी संपादक हवे आहेत, इच्छुक असल्यास फोटो आणि बायोडेटा पाठवावा.


ग्रंथपाल_बाई | १९ जुलै, २०:३२

पैसे अजिबात भरू नका. पत्राची प्रत, त्यांचं उत्तर, दोन्ही जपून ठेवा आणि विद्यापीठाला कळवा. पेपर तिथेच राहील कदाचित, पण तुम्ही तो नाकारल्याचा कागद तुमच्याकडे असेल.

आणि त्या बावीस विहिरींचं काय करताय?


भूगोल_मास्तर | १९ जुलै, २१:१५

कळवलंय विद्यापीठाला.

रविवारचं ठरवलं होतं, पण पाऊस उघडला म्हणून कालच दोघं गेलो त्याच्या मोटरसायकलवर. टेप नवा घेतला. पाच गावांत मिळून आमच्या बावीसपैकी सतरा अजून आहेत, तिघींवर बोअर मारलाय, दोन बुजवल्या. नऊ मुलांपैकी सहा जणांचे नंबर मिळाले. एक जण पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, तो म्हणाला, "सर, त्या वहीत माझं अक्षर आहे, मी ओळखीन." ऊन लागलेली मुलगी आता तलाठी आहे. गट नंबर तिच्याकडून तपासून घेणार.

कुठे पाठवायचं ते ठरलेलं नाही. मराठीतच लिहावं असं त्याचं म्हणणं आहे, म्हणजे गावातले तरी वाचतील.

चौदा नंबरचा फोटो इथे टाकणार होतो. गेलो तर त्या जागेवर ऊस उभा आहे, कमरेएवढा. मालक म्हणाले, "इथंच होती बघा," आणि पायाने दाखवलं.